डक्टमधला खोकला

"मानवजातीनं क्षयरोगावर केव्हाच विजय मिळवलेला आहे, फक्त ही बातमी अजून क्षयरोगापर्यंत पोचायची आहे."

डॉ. सुबोध तेंडोलकरांनी हे वाक्य सकाळी सव्वासहा वाजता, मुलुंड पूर्वेतल्या आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाथरूममध्ये, कमरेला टॉवेल आणि अर्ध्या गालाला फेस अशा अवस्थेत आरशाला ऐकवलं आणि हशासाठी राखून ठेवलेल्या जागी ते थांबले. हशा आला नाही. खोकला आला. आरशाच्या वरच्या काचपट्ट्यांच्या खिडकीतून आला, म्हणजे बाथरूमांमागच्या उभ्या डक्टमधून. आधी दोन कोरडे ठसके, मग एक ओला, खालून ओढून आणलेला, मग खाकरणं, मग बराच वेळ काही नाही, आणि मग डक्टमधल्या कबुतरांची फडफड. डॉक्टरांचा रेझर गालापासून बोटभर अंतरावर थांबला. एकेचाळीस वर्षं दुसऱ्यांचे खोकले ऐकण्यात घालवलेल्या सहासष्ट वर्षांच्या माणसाला खोकला ओळखावा लागत नाही. देवगडचा बागवाला आंब्याच्या पेटीवर नुसता हात ठेवून आत काय आहे ते सांगतो, तसं ते आपोआप होतं. सिगरेटचा नाही. सर्दीचा नाही. पित्ताचा नाही. हा जुना आहे, हा सकाळचा आहे, आणि ह्याच्या तळाशी काहीतरी आहे. नुसत्या आवाजावरून क्षय ओळखता येत नाही, हे अर्थात त्यांनीच एका निबंधात सिद्ध केलं होतं. तो निबंध लिहितानाही त्यांचा त्यावर विश्वास नव्हता.

वाक्य भाषणाचं होतं. तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी अकराला, पवईच्या तळ्याकाठी एका हॉटेलात त्यांना जीवनगौरव पुरस्कार मिळायचा होता, आणि तो मिळण्याची शिक्षा म्हणून त्यांनी 'लोकसहभाग' ह्या विषयावर चाळीस मिनिटं बोलायचं होतं. लोकसहभागावर ते आदिस अबाबात बोलले होते, लिमात बोलले होते, हनोईत बोलले होते, जिनिव्हात तर वर्षातून दोनदा. तिथल्या ट्रामचे थांबे त्यांना क्रमानं पाठ होते, आणि मुलुंडमध्ये दूध कुठून येतं हे इरावतीला, म्हणजे बायकोला, विचारावं लागायचं. एवढ्या प्रवासातून उरलं काय, असं कुणी विचारलं असतं (पुरस्कार मिळालेल्या माणसाला ते कुणी विचारत नाही, पुरस्काराचा तेवढाच उपयोग असतो) तर प्रामाणिक उत्तर होतं, एक तक्ता. 'खोकायचं कसं.' चार चित्रं: दोन खोल श्वास घ्या, तिसरा धरून ठेवा, पोटातून खोका, डबी ओठांशी न्या, खाली ठळक अक्षरांत, थुंकी नको, बेडका हवा. चित्रांसाठी माणूस मिळेना म्हणून तरुणपणीचे, मिशीवाले डॉक्टर स्वतःच उभे राहिले होते. चौदा देशांतल्या दवाखान्यांत तो तक्ता लागला. एका देशात माणूस तिथलाच वाटावा म्हणून छापणाऱ्यानं त्यांच्या डोक्यावर टोपी रंगवली होती. बाकीचे एकशे बत्तीस निबंध जगानं वाचले की नाही हे सांगणं कठीण. पण निदान तीन खंडांतली माणसं डॉ. तेंडोलकरांच्या तोंडाकडे बघून खोकली होती, हे नक्की.

आणि आता त्यांच्याच डक्टमध्ये कुणीतरी खोकत होतं, आणि मजला कळत नव्हता. डक्ट ही वस्तू कुणी बांधली असेल ती असो, तिच्यात आवाजाला पत्ता राहत नाही. वरच्यांचं भांडण खालून येतं, खालच्यांची फोडणी वरून. चार मजले, दोन बाजू, आठ बाथरूम. त्यातलं एक त्यांचं. उरलेली सात. सात हा आकडा बघून त्यांना जरा हुरूपच आला, कारण त्यांनी आयुष्यात ह्याहून लहान अभ्यास केला नव्हता. फ्रिजवरच्या गठ्ठ्यातून त्यांनी एक पाठकोरा कागद ओढला. पुढच्या बाजूला सोसायटीचं कसलंसं पत्र होतं. ते त्यांनी वाचलं नाही, कारण पाठकोऱ्या कागदाची छापील बाजू वाचायची नसते, हा त्यांचा विद्यार्थिदशेपासूनचा नेम होता. रेषा मारल्या. वार, वेळ, ठसके, कोरडा की ओला. आणि रोज सकाळी सहा ते सात ते कमोडच्या झाकणावर बसून खोकला टिपू लागले. प्रकल्पातलं एक मोबाइल अॅपही त्यांच्याकडे होतं. अकरा देशांतले दोन लाख खोकले त्याला ऐकवलेले होते. त्यांनी फोन खिडकीशी धरला. अॅपनं चार दिवस विचार केल्यासारखं केलं आणि पाचव्या दिवशी निर्वाळा दिला: बहुधा कबूतर.

ते पंधरा दिवस थांबले. 'दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास बेडका तपासावा', हा नियम ज्या समितीनं लिहिला तिच्यात ते होते, आणि स्वतःचा नियम मोडणारा माणूस त्यांना स्वतःत सापडला नाही. खोकणाऱ्याचे दोन आठवडे आपण ऐकू लागलो त्या दिवशी सुरू झालेले नसतात, ते कदाचित दिवाळीत सुरू झाले असतील, हे एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलालाही सुचलं असतं. त्यांना ते सोळाव्या दिवशी सकाळी, चहा पिताना, इरावतीनं सुचवलं.

"पंधरा दिवस नुसता ऐकत बसलास?" ती म्हणाली. "मला वाटलं, तुझं पोट साफ होत नाहीये."

"निकष असतात, इरा."

"खोकणाऱ्याला सांगितलंस का, की बाबा रे, माझे निकष पुरे होईपर्यंत खोकत राहा?"

त्यांना राग आला, आणि राग आला की त्यांना नेहमी जे सुचायचं ते सुचलं: मसुदा. सोसायटीच्या फळ्यावर लावायला त्यांनी एक सूचना लिहिली, मराठीत, सोपी, पाच ओळींची, आणि सेक्रेटरीकडे नेली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश शेट्ये हा गोड माणूस होता. तो कुठल्याही गोष्टीला नाही म्हणत नसे, फक्त तिच्यातलं एकेक काढत जाई.

"झकास लिहिलंय, सर. फक्त टीबी हा शब्द नको."

"मग काय लिहू?"

"आरोग्यविषयक. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय ना. बिल्डरची माणसं रोज फळ्याचा फोटो काढून नेतात. त्यात टीबी दिसला तर आपली वाट लागली."

"शेट्ये, रोग विटांना होत नाही."

"मला कळतं ते. बिल्डरला कोण सांगणार? आणि हे 'खोकला' पण जरा ते वाटतं. 'त्रास' लिहू या?"

जिनिव्हातली एक बैठक त्यांना आठवली. चाळीस माणसं, दोन दिवस, एक वाक्य: सदस्य देशांनी उपचार मोफत 'द्यावेत' की 'देण्याचा विचार करावा'. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी 'विचार' जिंकला होता आणि सगळे एकमेकांचं अभिनंदन करत जेवायला गेले होते, तेही गेले होते, चीजचा कसलासा रस्सा होता, तो त्यांना आवडलाही होता. तेव्हा आपण शेट्येंच्या खुर्चीत होतो हे त्यांना तेव्हा का कळलं नाही? शेट्येंसमोर तिसरा मसुदा झाला, चौथा झाला, आणि संध्याकाळी फळ्यावर जी सूचना लागली ती अशी होती: लिफ्टमध्ये थुंकू नये. आदेशावरून.

मग ते स्वतः निघाले. कापडी पिशवीत बारा डब्या, पांढऱ्या, निळ्या झाकणाच्या, आणि दारोदार. इथिओपियात ते असेच दारोदार गेले होते आणि लोकांनी कॉफी दिली होती. इथे साखळी न काढता दार उघडलं जाई. "आमच्याकडे कुणी खोकत नाही, डॉक्टर, आम्ही शुद्ध शाकाहारी." चौथ्या मजल्यावरचा कंप्यूटरवाला म्हणाला, "माझा खोकला एसीचा आहे, यार, तो सुट्टीच्या दिवशी नसतो." दुसऱ्या मजल्यावर प्रेमा गावकर दारात आल्या त्या कडेवर एक मूल घेऊन. तिथे पाळणाघर होतं, गेली बत्तीस वर्षं. दाराबाहेर मुलांच्या चपलांचे सहा जोड भिंतीला लावून ठेवलेले, एकावर बदक होतं आणि ते दाबलं की वाजायचं. डॉक्टरांची मुलगी श्वेताही ह्याच दारातून आत गेली आणि दहावीत बाहेर आली असं इरावती म्हणायची. "खोकला?" प्रेमाताई म्हणाल्या. "ही पोरं खोकतात की. एकाला झाला की ओळीनं सगळ्यांना." आणि हसल्या. डॉक्टर कडेवरच्या मुलाच्या गालाला बोट लावून पुढच्या दाराकडे वळले. सात दारं, सहा नकार, एक कुलूप. पण परिणाम मात्र झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डक्टमध्ये शांतता होती. तिसऱ्या दिवशीही. जिन्यात त्यांची चप्पल वाजली की अख्खी बिल्डिंग श्वास धरून उभी राहायची. खोकल्याचं प्रमाण शून्यावर आलं होतं. चौदा देशांत जे जमलं नव्हतं ते त्यांनी एका कापडी पिशवीनं दोन दिवसांत साधलं होतं. कागदावर त्यांनी रकान्यात शून्य लिहिलं, आणि त्या शून्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढलं.

त्यांनी लताला फोन केला. लता वाहुळे अठ्ठावीस वर्षं त्यांची तंत्रज्ञ होती. सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवून जंतू मोजायचं काम तिचं, मोजलेल्या जंतूंवर निबंध लिहायचं काम ह्यांचं. निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरांत तिचे आभार मानलेले असत. आता ती निवृत्त होऊन भांडुपला राहत होती.

"बोला सर. कोण गेलं?"

"कुणी नाही. एक खोकणारा सापडत नाहीये."

त्यांनी सगळं सांगितलं. डक्ट, कागद, अॅप, पिशवी. कबुतराशी आल्यावर ती इतकी हसली की फोन लांब धरावा लागला.

"सर, म्हणजे तुम्ही पिशवी घेऊन वाजतगाजत गेलात?"

"वाजतगाजत कसलं? शास्त्रशुद्ध..."

"तेच ते. तुम्हाला आपला भांडुपचा अभ्यास आठवतो? ज्याच्यानं तुमचं नाव झालं तो?"

"अर्थात. चारशे बारा रुग्ण."

"त्यातले अडतीस 'संपर्क तुटलेले' असं लिहिलं होतंत तुम्ही. मधेच औषध सोडून नाहीसे झाले म्हणून."

"हो. नऊ टक्के. चांगलं प्रमाण आहे ते."

"त्यातल्या सात बायका माझ्या गल्लीत राहायच्या, सर. रोज नळावर भेटायच्या. संपर्क बिपर्क काही तुटला नव्हता. नर्सबाई वर्दीत घरी यायला लागली म्हणून दवाखान्यात जायच्या थांबल्या."

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाहीत ना. आपलं ठरलं होतं, डबीतलं मी बघायचं, डबी आणणारी माणसं तुम्ही बघायची."

फोन ठेवून ते बाल्कनीत आले. समोरच्या बिल्डिंगला हिरवी जाळी लागली होती. नऊ टक्के. त्या नऊ टक्क्यांवर त्यांना एकदा लिमामध्ये टाळ्या पडल्या होत्या. नळावर उभ्या असलेल्या सात बायकांना टाळ्या. संताप आला, पण तो बसवायला जागा सापडेना. लतावर बसेना, शेट्येवर बसेना, दाराच्या साखळ्यांवर बसेना. खोकणाऱ्यावर बसवावा तर तो कोण तेच माहीत नाही. एक माणूस. एक डबी. चमचाभर बेडका. एवढंच मागत होते ते, सगळं आयुष्य एवढंच मागत आले होते, आणि लोक आपला सगळ्यात निरुपयोगी पदार्थ सोन्यासारखा लपवून ठेवत होते.

गुरुवारी सकाळी ते भाषण न म्हणता दाढी करत होते. नळ चालू होता, नेहमीसारखी करंगळीएवढी धार. अचानक ती बारीक झाली, दोऱ्याएवढी झाली, आणि डक्टमधून पाणी बादलीत पडल्याचा मोठा आवाज सुरू झाला. आणि त्या आवाजाच्या खाली, गोधडीखाली कुणी बोलावं तसा, खोकला. दोन कोरडे, एक ओला. पाण्याचा आवाज थांबला. त्यांची धार पुन्हा करंगळीएवढी झाली. आधी डोक्यातला शास्त्रज्ञ बोलला: एकाच पाइपवर खालच्यानं नळ सोडला की वरच्याची धार बारीक होते, म्हणजे आपल्याच ओळीत, आपल्या खाली, पहिल्या मजल्यावरचे लोक वर्षभर मुलाकडे बंगलोरला, म्हणजे दुसरा. हे सगळं त्याला कळायला चार सेकंद लागले. पण त्याच्याही आधी दुसऱ्या कुणालातरी कळलं होतं, आणि त्यानं रेझर बेसिनवर ठेवून दिला होता. कारण तो आवाज त्याच्या ओळखीचा होता. तो नळाचा नव्हता, स्टोव्हचा होता. भांडुपला टेंभीपाड्यातली दहा बाय बाराची खोली, गिरणीतून आलेले बाबा भिंतीला टेकून बसलेले, आणि त्यांच्या छातीत ती उबळ वर यायला लागली की आईनं स्टोव्हला पंप मारायचा, भराभरा, चहा करायचा असो नसो. स्टोव्ह भुसभुसायचा आणि त्या भुसभुशीत खोकला बुडून जायचा. शेजारच्या खोलीतून कुणी विचारलंच तर काय सांगायचं हे आईनं पढवून ठेवलेलं: "दमो आसा म्हणान सांग. कायव इचारल्यानी तरी दमोच." पालिकेच्या दवाखान्यात डबी पोचवायचं काम सुबोधचं. डबी कंपासपेटीत बसायची, कर्कटक आणि कोनमापक काढून टाकले की अगदी बेतानं. एकदा बाकावरच्या मुलानं कर्कटक मागितलं आणि पेटीला हात घातला. सुबोधनं पेटी अशी हिसकली की मुलाच्या बोटाला कापलं. वर्षभर वर्गात त्याला चिकट म्हणत. तो चिकटपणा त्यानं आनंदानं पत्करला. बाबा बरे झाले, अठरा महिन्यांत, आणि बरे होऊनही शेवटपर्यंत दमेकरीच राहिले. गावी त्यांचं दिवसकार्य होतं तेव्हासुद्धा जमलेली माणसं दम्याबद्दल हळहळली. पुढे मुलाखतीत विचारायचे, डॉक्टर, तुम्ही ह्याच क्षेत्राकडे कसे वळलात? ते म्हणायचे, रोगाचा जागतिक बोजा बघून. एकशे बत्तीस निबंध, चौदा देश, आणि एकदाही, एकाही माणसाला, एका दुभाष्यालासुद्धा, त्यांनी कंपासपेटीबद्दल सांगितलं नव्हतं.

अर्धा गाल तसाच ठेवून त्यांनी शर्ट चढवला. पिशवी घेतली नाही. एक डबी खिशात टाकली आणि पुरावा म्हणून तो कागद. सात वाजत आले होते, मुलं आठला यायची. जिन्यात चप्पल वाजू नये म्हणून ते अनवाणी उतरले. बदकाच्या चपलेची जागा रिकामी होती.

प्रेमाताईंनी दार उघडलं, त्यांच्या गालावरचा फेस बघितला, अनवाणी पाय बघितले आणि साखळी काढली.

"इरावतीला काय झालं?"

"काही नाही. प्रेमाताई, तुम्ही नळ सोडून खोकता."

त्या बाजूला झाल्या. ते आत जाऊन पाळणाघराच्या बुटक्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीशी. खोलीत पावडरचा आणि शिजलेल्या नाचणीचा वास होता, आणि त्याच्या मागे आणखी एक कुबट वास होता, तो त्यांना ओळखता आला नाही. खिडक्या बंद होत्या. सहा मुलं, बंद खिडक्या, दिवसाचे दहा तास. डोक्यातल्या शास्त्रज्ञानं गणित करायला घेतलं आणि त्यांनी त्याला गप्प केलं. मग त्यांनी सांगितलं. स्टोव्ह सांगितला, दमा सांगितला, कंपासपेटी सांगितली. सांगताना त्यांचा आवाज मधेच इतका लहान झाला की त्यांनाच ऐकू येईना. प्रेमाताई उभ्याच होत्या. पदर तोंडाशी.

"तुमचे बाबा बरे झाले ना?"

"पूर्ण."

"मी गेले होते दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "दोन महिने झाले. रांगेत बसले. वर बघते तर भिंतीवर तुम्ही. मिशी होती, पण तुम्हीच. डबी तोंडाशी धरून माझ्याकडे बघताय. म्हटलं, आता ह्यांना कळलं. उठून आले."

चौदा देश. दर वर्षी नवी छपाई.

"चित्र आहे हो ते, प्रेमाताई."

"चित्र असलं तरी बिल्डिंगमधला माणूस ना. आणि मग त्या दिवशी तुम्ही पिशवी घेऊन दारात. तेव्हा दुसऱ्याचं पोर कडेवर होतं. काय सांगणार होते मी?" त्यांना उबळ आली. त्या वळल्या, सवयीनं मोरीकडे, नळाकडे, डॉक्टर म्हणाले, "राहू दे. इथेच." आणि त्या इथेच खोकल्या, भिंतीला हात लावून, पूर्ण, शेवटपर्यंत. डॉक्टरांनी खिडकी उघडली.

"क्षयच असेल असं नाही," ते म्हणाले. "पण डबीत नमुना द्या. दोन दिवसांत कळेल. तोवर मुलं नकोत. आणि निघालाच तर सहाही जणांना तपासावं लागेल, आईबापांना सांगावं लागेल. ते मी सांगतो, घरोघर जाऊन, नीट समजावून..."

"ते मी सांगेन. तुम्ही नको." त्यांनी तोंड पुसलं. "माझ्या हातावर वाढलीत ती पोरं, माझ्याच तोंडून ऐकू देत. तुम्ही आज समजावायला लागलात की पुढच्या बैठकीपर्यंत पुरेल."

"पण लपवायचं नाही."

"नाही. लपवायचा कंटाळा आलाय, डॉक्टर. नळाचं पाणी किती गेलं." त्या खाली बसल्या. "पण तुम्हाला कसं कळलं? डक्टमधून तर काही समजत नाही."

इथे त्यांना जरा बरं वाटलं. खिशातून कागद काढून त्यांनी तो त्यांच्यापुढे धरला. वार, वेळ, ठसके, कोरडा, ओला, बावीस दिवसांच्या सरळ ओळी. प्रेमाताईंनी चष्मा लावला. ओळींवरून बोट फिरवलं. "एवढं रोज बसून लिहिलंत?" त्यांच्या आवाजात कौतुक होतं, आणि डॉक्टरांना वाटलं की बऱ्याच दिवसांनी आपला निबंध कुणीतरी खरंच वाचतंय. मग त्यांनी कागद उलटा केला आणि छापील बाजू वाचू लागल्या. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. वाचून झाल्यावर त्यांनी कागद त्यांच्याकडे फिरवला.

सदनिका क्रमांक ३०३, डॉ. तेंडोलकर यांस. आपल्या बाथरूममधील गळतीमुळे सदनिका क्रमांक २०३, श्रीमती प्रेमा गावकर यांच्या छतास ओल आली असून, आपणास पाठविलेले हे पाचवे स्मरणपत्र आहे.

तारीख चार वर्षांपूर्वीची होती. डॉक्टरांनी मान वर केली. मोरीच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या छतावर, बरोबर त्यांच्या कमोडच्या खाली असावा असा, एक मोठा पिवळट काळा डाग होता, कडांना पोपडे सुटलेले. आणि वासाचं नाव त्यांना आता आठवलं.

"ओलीमुळे क्षय होत नाही, प्रेमाताई," ते म्हणाले. हे खरं होतं, आणि खरं बोलून एवढी लाज त्यांना आजवर वाटली नव्हती.

"मी कुठे तसं म्हटलं? मी म्हटलं, गळतं." त्यांनी हात पुढे केला. "द्या ती डबी."

त्यांनी दिली, आणि सवयीनं तोंड उघडलं. "दोन खोल श्वास..."

"पाठ आहे. दोन तास बघत बसले होते तुमच्याकडे." झाकण उघडत त्या आत गेल्या, बाल्कनीत, मोकळ्या हवेत, तक्त्यात लिहिलं होतं तसंच. एक श्वास, दुसरा, तिसरा धरलेला. बुटक्या बाकावर बसून डॉक्टर ऐकत होते. उत्तम नमुना. न बघताही त्यांना ते कळत होतं, उत्तम नमुना. परवा सकाळी अकरा वाजता पवईला हे सांगायचं, वाक्यं आपोआप जुळत होती. मिशीवाल्या चित्राबद्दल, नळाबद्दल, सात बायकांबद्दल, कंपासपेटीबद्दल, सगळं, भर सभेत. ते जुनं पहिलं वाक्य फेकून द्यायचं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याजवळ सांगण्यासारखं काहीतरी होतं.

प्रेमाताई परत आल्या. झाकण घट्ट लावलेली डबी त्यांनी कागदात गुंडाळली होती. कागद तोच, पाचवं स्मरणपत्र.

"दोन दिवस मुलांना नको म्हणून कळवते," त्या म्हणाल्या. "खरं काय ते रिपोर्ट आल्यावर सांगेन. पण आज काहीतरी सांगावं लागेल ना. छताचं काम काढलंय म्हणते. खोटंही नाही झालं, तुम्ही काढलंत तर."

"काढतो. नक्की काढतो. पुढच्या आठवड्यात..."

"तो धाकू प्लंबर आहे ना, त्याला मी कालच विचारलंय. इरावतीशी पण बोलले. ती म्हणाली, माझी ना नाही, पण टाइल कुठली फोडायची ते ह्याला विचार, आठ वर्षं प्लंबर यायच्या दिवशी हा कुठेतरी गेलेलाच असतो." प्रेमाताईंनी डबी त्यांच्या हातात दिली. "धाकू शनिवारी मोकळा आहे, अकराला येईल म्हणतो. तेवढा एक दिवस घरी थांबाल का?"